रिकाम्या चुंबकातले ठिपके

तुम्ही हसाल, पण सांगतेच. लांबलचक सुट्टीत आमच्या प्रयोगशाळेच्या तळघरातल्या त्या यंत्रावर कुणालाच पाळी नको असते. ज्यांची घरी वाट पाहणारं कुणी नाही, त्यांच्या माथी ती येते. म्हणजे माझ्या.

यंत्र म्हणजे माणसापेक्षा उंच, पिंपासारखं चुंबक. वरून काचेची बारीक नळी आत सोडायची, नळीत प्रथिन. त्याच्या घडणीतला एकेक सांधा पडद्यावर एकेक ठिपका होऊन उमटतो. माझं प्रथिन पेशींच्या वाढीला आवर घालणारं. ते धड असलं की ठिपके पडदाभर पांगतात; बिघडलेलं असलं की साखरेला मुंग्या लागाव्यात तसे मधोमध गोळा होतात. त्या दिवशीचं बिघडलेलंच होतं, माझ्या ताईमध्ये जो दोष होता तोच ठेवून बनवलेलं.

ताई माझी थोरली बहीण. कॅन्सरची गाठ आठ महिने अंगावर काढली आणि गेली. तो दोष माझ्यातही आहे का, हे सांगणारा लिफाफा सहा आठवडे माझ्या पर्समध्ये पडून होता. फोडायची छाती होत नव्हती.

सकाळी नमुन्याच्या रकान्यात 'ताई' लिहिलं आणि मोजणी लावली. मग नुसतं बसायचं. चुंबक थंड ठेवणाऱ्या पंपाची एकसुरी चिवचिव, गार भिंतींचा ओलसर वास. दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटला. ताई असती तर या वेळी फोन आला असता.

"धाकटे, जेवलीस का गं?"

ती एकटीच मला धाकटी म्हणायची. "हो गं बाई, किती विचारशील!" म्हणून मी खेकसायचे. आता खेकसायलाही कुणी उरलं नाही. चुंबकाला पाठ टेकून मी पोटभर रडले. डोळे पुसले तेव्हा पंपाची चिवचिव थांबली होती... आणि ताईच्या आजारपणात तिच्या खोलीत भरून असायचा, तो औषधाचा वास येत होता.

पडदा पाहिला. मधोमध गोळा होता. पण त्याच्याभोवती धड प्रथिनाचे ठिपकेही होते, निम्मे निम्मे. माझ्या नळीत तर धड प्रथिन नव्हतंच! दोन्ही एकत्र असतात ती दोष असलेल्या जिवंत माणसात; जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून.

नळी वर आणायचं बटण दाबलं. हवा फुसफुसली... वर काहीच आलं नाही. मग बर्फाच्या डब्याकडे लक्ष गेलं. नळी तिथेच होती. सोडायची राहूनच गेली होती. आमच्यात होते अशी चूक कधीकधी. पण तेव्हा पडद्यावर नुसती खरखर उमटते, ठिपके नाही.

वर पहारेकऱ्याला फोन लावला.

"काका... खाली कुणी आलं होतं का?"

"सुट्टीत कोण येतंय, मॅडम? तुम्हीच काय त्या."

मग मात्र लिफाफा फोडला. दोष होता. तोच, त्याच जागी, एका प्रतीत. मला भयंकर भीती वाटली, पण ताईसारखे आठ महिने मी घालवणार नव्हते. सुट्टी असूनही डॉक्टरांना तिथूनच फोन केला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

यंत्र बंद करायला परत वळले. पंपाची चिवचिव पुन्हा सुरू झाली होती. नमुन्याच्या रकान्यात सकाळी मी माझ्या हाताने 'ताई' लिहिलं होतं.

आता तिथे 'धाकटी' होतं.