बाकावर दोघी

कुरेहामा बंदराच्या चढावर माझं केस कापायचं दुकान आहे. बाहेर गिऱ्हाइकांसाठी निळा बाक, शेजारी लाल टपालपेटी, मागे अंजिराचं झाड. दुपारभर त्या बाकावर माझी थोरली बहीण तामाए बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या केसांना नावं ठेवते. माझं निम्मं गिऱ्हाईक तिनेच पळवून लावलंय.

गेल्या वर्षी कुठल्याशा ॲनिमेत, म्हणजे चित्रांच्या सिनेमात, आमचा चढ दाखवला आणि चाहत्यांची रीघ लागली. मुलं मोठी सभ्य. फोनवर सिनेमातलं चित्र लावायचं, समोरच्या जागेशी ताडून बघायचं, नेमक्या त्याच कोनातून फोटो काढायचा, कमरेत वाकून आभार मानायचे आणि निघायचं. चित्रात दुकान आहे, टपालपेटी आहे, बाकही आहे. अंजीर नाही, आणि बाकावर कुणी बसलेलं नाही.

"मला वगळलं मेल्यांनी," ताई म्हणाली. "माझं नाक काढायला रंग पुरला नसेल."

पानगळ सुरू व्हायच्या सुमारास कुसुनोकी नावाच्या मुलाने मला त्याचा फोटो दाखवला. चित्राशी तंतोतंत जुळला म्हणून स्वारी खूश होती. फोटोत अंजीर नव्हतं. मी मान वर केली, तर झाड जागच्या जागी पानं हलवत उभं. म्हटलं, फोनची करामत असेल. हल्ली फोन सुरकुत्यासुद्धा पुसतात.

त्याच आठवड्यात एका सकाळी झाड दिसेना. खुंट नाही, मूळ नाही. नुसती घट्ट जमीन आणि तिच्यावर जुनं शेवाळ. शेजारचा इसोबे मासे वाळत घालत होता. त्याला विचारलं.

"कुठलं झाड? नोबुए, तुझ्याकडे झाड कधी होतं?"

दरवर्षी माझी अंजिरं हादडणारा माणूस हा.

कुसुनोकी पुन्हा आला तेव्हा त्याला गाठलं आणि सगळे फोटो दाखवायला लावले. ते काढले तेव्हा ताई बाकावर होती, मी दुकानातून तिला बघत होते. एकाही फोटोत ती नव्हती.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा संताप जास्त आला. कोण कुठला चित्रकार, आणि माझ्या दारात कोण बसणार ते त्याने ठरवायचं? मी बाकाला पिवळा रंग फासला. सकाळी बाक निळा, तोही जुना, पोपडे आलेला निळा. बाक आत ओढून ठेवला. सकाळी तो बाहेर, आपल्या जागेवर. शेवटी ताईलाच आत बसवलं, तर ती चपला घालून निघाली.

"अगं, चार पोरांना घाबरून मी घरात कोंडून घेऊ? मी इथेच बसणार."

"मग मीही बसते," मी म्हटलं.

दुकान बंद केलं आणि तिच्या शेजारी बसले. तिचा हात हातात धरला. तळवा उबदार होता, जरासा घामेजलेला.

खालच्या वळणावर मुलं जमली. फोन वर झाले.

"काढा," मी ओरडून म्हटलं. "दोघींचा काढा."

"किती आवळतेस," ताई कुरकुरली.

"गप्प बस आणि समोर बघ."

मीही समोरच बघत राहिले.

थोड्या वेळाने कुसुनोकी चढ चढून आला आणि वाकला.

"माफ करा काकू. जरा बाजूला व्हाल का?"

"नाही."

"बरं." तो घुटमळला. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "तुमचा हात असा का?"

फोटोत मी निळ्या बाकावर एकटी होते. मूठ हवेत धरलेली. बोटं पूर्ण मिटली नव्हती, आत एका हाताएवढी जागा राहिली होती.

मी मान वळवली नाही.

"ताई, काहीतरी बोल."



माझ्या मुठीत बोटं हळूच हलली. गार होती.

गार तर गार. मी हात सोडला नाही.