मीठ घातलेला बर्फ

जिन्यावरून शंभर-दीडशे मुलं धडाधड खाली पळत होती आणि एक माणूस छातीशी पेटी धरून एकटाच वर चढत होता. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून मजा बघत होते. तो वर पोचला, ओढाताणीत सुटलेलं शर्टाचं बटण लावलं आणि मलाच विचारलं,

"हे सगळे कुठं चाललेत, मॅडम?"

"कुठं म्हणजे... तुमच्यापासून लांब."

"मी काय वाघ आहे का?"

"वाघ परवडला. तो सुई घेऊन येत नाही."

तो हसला. हसताना खाली बघायचा, हसण्यात काही चूक असल्यासारखा. मला ते आवडलं. उगाच कशाला लपवू?

हे चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमधलं. वाशीच्या आमच्या कॉलेजात टायफॉईड शिरला होता. हॉस्टेलची चार मुलं आणि भूगोलाचे सर इस्पितळात पडून होते. म्हणून तुर्भ्याच्या आरोग्य केंद्रातून लस टोचायला याला पाठवलं होतं. नाव हिरामण खरात, मूळचा जालन्याकडचा. आणि मी सगुणा भोईर, प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुणारी तात्पुरती मदतनीस. पुढच्या महिन्यात माझी कायमची ऑर्डर निघायची होती. माझा बा खाडीत मासेमारी करायचा. आमच्या घरातली ही पहिलीच महिन्याच्या पगाराची नोकरी.

त्या दिवशी फक्त अकरा जणांनी टोचून घेतलं. प्राचार्यांना शुगर आठवली, प्राध्यापकांना तास आठवले.

"तुम्ही घेतली का लस?" खरातने विचारलं.

"माझा हात दुखतोय."

"अजून टोचलं कुठं?"

"दुखेल, म्हणून आधीच दुखतोय."

तो पुन्हा खाली बघून हसला. मग सुई उकळायचं भांडं पुसता पुसता म्हणाला, "बारावीला मला झाला होता टायफॉईड. वर्ष गेलं. डोक्यावरचे केससुद्धा गेले... हे नंतरचे आहेत."

मी बघितलं. दाट, काळेभोर.

"चांगले आलेत," मी म्हणून गेले, आणि धुतलेल्याच नळ्या परत धुवायला घेतल्या.

दुपारभर मी वर्गावर्गात जाऊन याच केसांची गोष्ट सांगितली. वर्ष वाया जाईल याचं कुणाला काही वाटलं नाही, पण टक्कल पडेल म्हटल्यावर मुलं हादरली. उद्या सगळे येणार असं ठरलं. खरात लशीच्या बाटल्या आमच्या फ्रीजमध्ये आणि रिकामी पेटी शेजारी ठेवून बसने गेला.

पाच वाजता लाईट गेली. फ्रीज बंद. मला त्याची पेटी आठवली, त्याची ती धडपड आठवली आणि मी तशीच धक्क्यावर धावले. बाकडून टोपलीभर बर्फ आणला, पेटीत बाटल्यांभोवती ठासून भरला आणि वर खडेमीठ मारलं. मासळी, आमच्या बोलीत मावरं, लांब पाठवायची तर आमच्याकडे असंच करतात. रात्री झोपताना, तो सकाळी काय म्हणेल याची मी तीन-चार वाक्यं तयार करून ठेवली होती.

सकाळी रांग पार फाटकापर्यंत गेली होती. त्याने पेटी उघडली, एक बाटली उजेडात धरली. आत पांढरा खडा.

"यात काय घातलंत?"

"बर्फ... आणि मीठ."

त्याने डोळे मिटले. "ही गार ठेवायची असते, सगुणाबाई. गोठली की कामातून गेली."

"पन वितळली की पयल्यासारखीच दिसंल ना? कोनाला कलनार हाय?" घाबरले की माझ्या तोंडी घरचीच बोली येते. "माजी ऑर्डर हाय पुढल्या महिन्यात..."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "यांना वाटेल, आपल्याला टोचलंय," तो हळू म्हणाला. "मग हॉस्टेलच्या नळाचं पाणी बिनधास्त पितील. त्याचं काय करायचं?"

मी त्याच्याकडे बघितलं. कुणीच बघत नसताना हा माणूस दीडशे अनोळखी पोरांची काळजी करत होता. मी बाहेर गेले.

"लस खराब झालीय," मी रांगेला सांगितलं. "मी बर्फात मीठ घातलं, ती गोठली. आज टोचणार नाहीत. नवीन येईपर्यंत पाणी उकळूनच प्या."

"मावरं समजलीस काय गो?" मागून कुणीतरी ओरडलं. रांग खो खो हसली. मीही हसले, मग प्रयोगशाळेत जाऊन रडले.

प्राचार्यांनी दोघांकडून लिहून मागितलं. त्याने लिहिलं, पेटी माझ्या ताब्यातली, सोडून गेलो ही माझी चूक. मी लिहिलं, न विचारता हात लावला ही माझी. प्राचार्यांनी चष्मा काढला. "एका पेटीला दोन गुन्हेगार? तुमचं आधी आपसात ठरवा."

त्याला ताकीद मिळाली. माझी ऑर्डर सहा महिने पुढे गेली. बा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पुढच्या शनिवारी तो नवी लस घेऊन आला आणि रांग आदल्यापेक्षा लांब होती. खरं सांगणाऱ्यांवर मुलांचा भरवसा बसला असावा. प्राचार्यही बाही वर करून उभे. सगळ्यात पुढे मी, डोळे गच्च मिटून.

"त्या दिवशी रांगेसमोर उभं राहायला घाबरला नाहीत," तो कापूस लावत पुटपुटला, "आणि आता?"

"तेव्हा तुम्ही मागे होतात ना..."

सुई कधी टोचली ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मला ठरल्याप्रमाणे ताप चढला. संध्याकाळी रिमझिमत्या पावसात तो आमच्या गावातली घरं विचारत विचारत दारात उभा राहिला. चपला चिखलाने भरलेल्या. बा ओट्यावर चहा पीत होता.

"लस टोचल्यावर ताप येतो," तो बाला म्हणाला. "म्हणून... कसं आहे ते बघायला आलो."

बाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काल किती जनांना टोचलंस?"

"एकशे बासष्ट."

"मंग सगल्यांच्या घरी जातंस काय?"

मी आतून कानात प्राण आणून ऐकत होते. हो म्हणायचं होतं नुसतं. सरकारी काम आहे म्हणायचं होतं. बाला काय कळणार होतं? पण खोटं बोलणं त्या माणसाला येतच नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "फक्त इथंच आलो."

बाने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग कप खाली ठेवून आत वळून म्हणाला, "सगुना, उठवतंय काय? पावन्याला चहा टाक."

मला चांगला एकशे दोन ताप होता. मी धावतच उठले.