जातो म्हणू नये

आमच्या रेडिओची एरियल मीच बांधली होती. गच्चीच्या कठड्याला एक बांबू, परसातल्या नारळाला एक आकडा आणि मध्ये ताणलेली तांब्याची तार. १९६१ साली कानडी मुलुखातल्या आमच्या बसवनगुडीत घरं बुटकी होती आणि झाडं उंच. शॉर्टवेव्हवर मुंबई चांगली लागे. संध्याकाळी मात्र आवाज वर-खाली होई. आकाशातल्या विद्युतभारित थरांमुळे तसं होतं, हे मी कॉलेजात मुलींना शिकवत असे आणि घरी गुंडूरावांना दर आठवड्याला नव्याने सांगत असे.

“म्हणजे बिघाड आपल्या रेडिओत नाही ना?” ते विचारत.

“नाही.”

“सरी, ठीक आहे. मग आकाशाचं आकाश बघून घेईल.”

घर माझ्या थोरल्या बहिणीचं, सुशीलाअक्काचं. गुंडूराव तिचे धाकटे दीर, ट्रेझरीतून निवृत्त झालेले. गुरुवारी संध्याकाळी मुंबईहून एका इन्स्पेक्टरची श्रुतिका लागे. ती ऐकायला पलीकडच्या गल्लीतले भीमाचार्य आमच्याकडे येत. त्यांच्या घरी रेडिओ होता, पण एकट्याने खून ऐकायला त्यांना आवडत नसे.

दर वेळी गोष्ट नवी, गुन्हेगार नवा. पण सगळे गुन्हेगार एकच नट करत असे. आवाज जड आणि तळाशी खरखरीत, पितळी भांडं वाळूने घासावं तसा. शेवटी कलाकारांची नावं सांगत, तेव्हा नेमकं केंद्र विरून जाई, म्हणून त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. तो कोर्टापर्यंत पोचत नसे. कड्यावरून पडे, गोळी लागे, विहिरीत बुडे. मरताना बहुतेक वेळा एकच वाक्य म्हणे: “जातो मी, इन्स्पेक्टर.”

“मेला एकदाचा!” गुंडूराव मांडीवर थाप मारत. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलेल्या अक्काकडे त्यांचं लक्ष जाई आणि ते पानाचा डबा उघडत.

अक्काचा मुलगा सुधींद्र तुरुंगात होता. एका लाकडाच्या वखारीत भांडण झालं आणि त्याने मालकाच्या डोक्यात पहार घातली. त्याने ते कबूल केलं होतं. चुकीचा माणूस धरला, खोटी साक्ष दिली, असं काही नव्हतं. फाशी हायकोर्टात कायम झाली होती आणि दयेचा अर्ज दिल्लीला गेला होता. उत्तर कधीही येणार होतं.

शिक्षा झाली त्या दिवशी गाडीत चढताना तो म्हणाला होता, “जातो, अम्मा.” आमच्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. कानडीतही ‘बर्तीनि’च म्हणतात. अक्काने तोंड उघडेपर्यंत गाडीचं दार लागलं होतं. पुढे भेटी झाल्या, पण वेळ संपली की तो एक शब्दही न बोलता आत वळे. ते ‘जातो’ तसंच राहून गेलं.

एका गुरुवारी अक्काने विचारलं, “ह्याची आई कुठे असते हो?”

“कुणाची?”

“ह्या मेलेल्याची.”

“वहिनी, तो श्रुतिकेतला माणूस. लिहिणाऱ्याने दिली तरच त्याला आई.”

“आणि दिली असती तर ह्याने आधी तिलाच मारलं असतं,” भीमाचार्य म्हणाले.

“मारू दे. तरी तिने विचारलं असतं, जेवलास का. इथे कुणी विचारतं का त्याला?”

मला राहवलं नाही. “आणि त्याने ज्याला मारलं त्याची बायको, अक्का?”

अक्काने शेंग मोडली. “तिच्यासाठी मी रोज रडते, पुष्पा. एकीसाठी रडलं म्हणून दुसऱ्यासाठीचं रडणं संपतं का?”

पुढच्या गुरुवारी धरणाच्या भिंतीवरून खाली जाताना तो आवाज म्हणाला, “जातो मी, इन्स्पेक्टर,” आणि अक्का मान वर न करता म्हणाली, “जातो म्हणू नये. येतो म्हण, बाळा.”

“वहिनी, तो मेला. मेल्यावर कुठून येणार?” गुंडूराव हसले. अक्काही थोडी हसली. पण तेव्हापासून ती दर गुरुवारी त्याला तेच सांगू लागली, भाजीवाल्याला सांगावं इतक्या सहजपणे.

मग एका गुरुवारी तो मेला नाही. रेल्वेच्या रुळांवर पाठलाग चालला होता. इंजिनाची शिटी झाली, डबे धडधडत गेले, आणि ते गेल्यावर कुणीतरी धापा टाकत असल्याचं ऐकू आलं. मग शेवटचं संगीत.

“लिहिणारा बदललेला दिसतो,” गुंडूराव नाराजीने म्हणाले.

भीमाचार्य त्या दिवशी तापाने घरी होते. दुसऱ्या दिवशी मी काढा घेऊन गेले तर म्हणाले, “काल छान चिरडला रेल्वेखाली. ‘जातो’ म्हणाला बघ, स्वल्प उशिराने, पण म्हणाला.”

ताप होता, असं मी मनाशी म्हटलं. शिवाय आवाज विरतो तेव्हा कान गाळलेली जागा आपल्या मनाने भरतो. पण पुढच्या गुरुवारी मी भीमाचार्यांकडे जाऊन बसले. त्यांच्या रेडिओवर गुन्हेगाराने विष घेतलं आणि तो मेला. प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. मी घरी परतले तेव्हा अक्का पानं वाढत होती.

“उलटी झाली त्याला. वाचला,” ती म्हणाली.

“वाचला, पण बोलत काही नाही,” गुंडूराव म्हणाले. त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता. “नुसता श्वास घेतो. तुझ्या त्या थरांमुळे होतं का असं?”

“नाही,” मी म्हटलं.

मला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. पुढच्या गुरुवारी मी भीमाचार्यांना त्यांचा रेडिओ आमच्याकडे आणायला लावला. दोन्ही रेडिओ एकाच टेबलावर ठेवले, एकाच एरियलची तार दोन्हींना जोडली, दोन्ही काटे एकाच जागी आणले.

“एक खुनी पुरत नव्हता म्हणून दोन?” भीमाचार्यांनी विनोद केला.

श्रुतिका सुरू झाली. दोन्ही रेडिओंतून एकच आवाज येत होता, शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. मला हायसं वाटलं. गोदामाचं छप्पर. पावलं. इन्स्पेक्टरने तीनदा ताकीद दिली.

भीमाचार्यांच्या रेडिओत गोळी सुटली.

आमच्या रेडिओत सुटली नाही.

“जातो मी…” भीमाचार्यांचा रेडिओ म्हणाला, आणि पत्र्यावर काहीतरी जड पडलं.

आमच्यातून काहीच येत नव्हतं. मी वाकून पाहिलं. हिरवा दिवा स्थिर होता. केंद्र लागलेलं होतं.

मग श्वास ऐकू आला.

अक्काने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. ती उठून टेबलाजवळ आली.

“बोल रे,” ती म्हणाली.

श्वास थांबला.

“येतो, अम्मा.”

आणि दोन्ही रेडिओंतून शेवटचं संगीत एकदम सुरू झालं.

मुंबईला कुणी अम्मा लिहीत नाही. हे मला फार नंतर सुचलं. त्या क्षणी मी फक्त अक्काकडे पाहत होते. ती रडत नव्हती. कुणीतरी वेळेवर घरी परतल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. गुंडूरावांनी दोन्ही बटणं बंद केली. भीमाचार्यांनी आपला रेडिओ कवटाळला आणि पायात चपला न घालताच ते घरी गेले.

पुढच्या आठवड्यात वकील आले. अर्ज मंजूर झाला होता. फाशीऐवजी जन्मठेप. गुंडूराव ओसरीवर उभ्याउभ्याच रडले. अक्का आधी वखारीच्या मालकाच्या बायकोकडे गेली. दार उघडलं नाही, तेव्हा तिच्या ओट्यावर थोडा वेळ बसून आली. “आज नाही उघडलं. पुन्हा जाईन,” म्हणाली.

त्या गुरुवारी श्रुतिकेतला गुन्हेगार दुसराच कुणीतरी करत होता. पातळ, शहरी आवाज. तो शेवटी मेला. गुंडूरावांनी मांडीवर थाप मारली नाही. “त्याचं काय झालं असेल गं?” त्यांनी मला विचारलं.

भेटीच्या दिवशी मी अक्काबरोबर गेले. तिने केसांत अबोलीचा गजरा माळला होता, कित्येक महिन्यांनी. जाळीपलीकडे सुधींद्र आला. वजन वाढलं होतं, डोळे स्वच्छ होते. त्याचा आवाज लहानपणापासून बारीक. दाराबाहेरून हाक मारली तर शेजाऱ्यांना वाटे मुलगी आली. त्या आवाजाची मी वाट पाहत होते.

“अम्मा, जेवलीस का?” तो म्हणाला.

जड आवाज. तळाशी खरखर.

मी जाळीचा लोखंडी काठ धरला. तो थंड होता, एवढं आठवतं. अक्का मात्र जाळीला कपाळ टेकवून हसत होती.

“जेवले रे. घसा बसलाय तुझा. सुंठ पाठवते.”

तो हसला. मग भराभरा सांगू लागला. त्याला सुतारकामात घालणार होते. पहिली खुर्ची जमली की वखारीच्या मालकाच्या मुलांसाठी बाक करायचा होता, घेतील न घेतील त्यांची मर्जी. रात्री झोप लागते, म्हणाला. अक्का प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. इतकं सुखी मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आनंद झाला. तो जिवंत होता. कुणाच्या का आवाजात होईना, बोलत होता.

वेळ संपत आली तेव्हा तो माझ्याकडे वळला.

“मावशी, भीमाचार्यांचा रेडिओ परत गेला ना?”

“गेला,” मी म्हटलं. त्याला याबद्दल कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही.

“बरं झालं.” त्याने छातीवरून एकदा हात फिरवला. “तिकडे मरताना फार लागायचं.”