सोसांक

ऋजुता घोडके यांचा सोसांक दोन आला, आणि दोन म्हणजे फक्त मुदत ठेव. गुंतवणूक केंद्रातल्या यंत्राने तसा कागदच काढून दिला. रोखे चारच्या पुढे, मिश्र फंड पाचच्या पुढे, शेअर सातच्या पुढे. पहिल्यांदाच पैसे गुंतवणाऱ्याने काय निवडायचं हे आता त्याच्या हातात उरलं नव्हतं.

कायदा तसा चांगल्या हेतूनेच झाला होता. नवखे लोक ऐटीत शेअर घ्यायचे, बाजार पडला की घाबरून मातीमोल भावाने विकायचे आणि मग सरकारच्या नावाने खडे फोडायचे. म्हणून मोजणी आली. बोटात कडी घालून पडद्यासमोर बसायचं. पडद्यावर आपलेच पैसे वाढतात, पडतात, पुन्हा पडतात. आणि नाडी, घाम, मेंदूतली खळबळ पाहून यंत्र सांगतं की हा माणूस किती नुकसान सोसेल. एक ते दहामधला तो आकडा म्हणजे सोसांक. फॉर्मवर 'मी धाडसी आहे' असं कुणीही लिहितं, घामाला तसं खोटं लिहिता येत नाही.

ऋजुताताईंनी एकतीस वर्षं नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासलं होतं. निवृत्तीचे पैसे एकरकमी आले, आणि ते कशासाठी हेही ठरलेलं होतं. मुलगी शाल्मली पठारावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायची, ऐंशी मीटर वर, दोन हुकांच्या भरवशावर. तिने ते सोडून दोन वर्षं शिकावं आणि तोवर घर आईच्या पैशावर चालावं. ठेवीच्या व्याजात हे बसत नव्हतं. शेअरच्या फंडात बसण्याची आशा तरी होती.

दुपारी एक वाजता खाली उतरली की शाल्मली आईच्या फोनवर एक रिंग द्यायची. फोन उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा. पोचल्याची रिंग द्यायची ही जुनी पद्धत. फोनचे पैसे वाचवायची गरज कधीच संपली, पद्धत तेवढी राहिली. नऊ वर्षं त्या रिंगशिवाय ऋजुताताई जेवल्या नव्हत्या.

केंद्रातल्या मेंदूतज्ज्ञ डॉ. निखत मुल्ला यांना तोच प्रश्न सकाळपासून चौदाव्यांदा आला.

"वाढतो का हो हा आकडा?"

"वाढवता येतो." डॉक्टरांनी एक पट्टी पुढे ठेवली. "ही शमपट्टी. सहा आठवडे कानामागे लावायची. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, भीती तिथून उठते. ही त्याला हळूहळू शांत करते."

"म्हणजे पैसे बुडाले तरी कळणार नाही?"

"कळेल सगळं. पोटात गोळा येणार नाही."

"पैशापुरतंच ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ताई, त्या बदामाला पैसे वेगळे आणि माणसं वेगळी असं कळत नाही. काहीतरी हातचं जाणार, एवढंच त्याला कळतं. भीती सगळीकडचीच कमी होईल. आणि मागाहून पहिल्यासारखी येईलच, असं मी सांगत नाही. फॉर्मवर लिहिलंय, पण कुणी वाचत नाही म्हणून तोंडाने सांगते."

"होऊ दे की कमी," ऋजुताताई म्हणाल्या. "भिऊन भिऊन जीव शिणलाय माझा, डॉक्टर."

त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. नऊ वर्षं रोज एक वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत ज्याने काढलीत, त्याने हवं तर बोलावं.

सहा आठवड्यांनी सोसांक आठ आला. पडद्यावर पैसे कोसळत असताना त्यांना जांभई आली होती. शेअरच्या फंडावर सही करून त्या साडेबाराला घरी पोचल्या.

एक वाजला. रिंग आली नाही. त्यांनी पान वाढून घेतलं, मेथीची भाजी आणि भाकरी, वर वाटीभर ताक. मग आडव्या झाल्या आणि छान झोपल्या.

साडेचारला शाल्मली धापा टाकत जिना चढून आली. वारा वाढला म्हणून ती तीन तास वरच अडकली होती, वरून फोन पडून फुटला होता, आणि कोपर सोललं होतं. "आई, मी बरी आहे, आधी ऐक," असं दारातूनच म्हणत ती आत शिरली.

आई चहा गाळत होती. "आलीस? अर्धा कप घेशील ना?"

"आज माझी रिंग आली नाही."

"हो, नाही आली खरी."

"मग ऑफिसात फोन केलास?"

"नाही गं. म्हटलं, असेल कामात."

शाल्मली खुर्चीत बसली. आईच्या कानामागे पट्टीचा लालसर चौकोन उमटला होता. तिने कोपर पुढे केलं. आईने हळद आणून नीट लावली, आणि पुन्हा चहाकडे वळली.

"फंडात पैसे घातले आज," आई म्हणाली.

"म्हणजे मी आता नोकरी सोडू?"

ऋजुताताईंनी विचार केला. हे सगळं कशासाठी केलं, ते त्यांना चांगलं आठवत होतं. ऐंशी मीटर, दोन हुक. त्यात नोकरी सोडण्यासारखं काय आहे, तेवढं मात्र सापडेना.

"का गं? बरी चाललीये की. पगारही चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी एक वाजता शाल्मली खाली उतरली. सवयीने तिने नवा फोन काढला, आईच्या नंबरवर बोट नेलं, पण दाबलं नाही. मग फोन खिशात ठेवून तिने डबा उघडला. घरी ऋजुताताईंचं जेवण उरकत आलं होतं.