पिंपातून आलेले लाल बूट

"थांब! पुन्हा पळ!" जेवॉन ओरडला. "आणि या वेळी बूट काढून!"

कदीशा मैदानाच्या कडेला मटकन बसली होती. नाताळची सुट्टी संपली की राजधानी किंग्स्टनच्या एका मोठ्या शाळेची माणसं इथेच धावपटू निवडायला येणार होती. निवड झाली तर शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. नाहीतर तिला पुढे शिकवायची आजीची ऐपत नव्हती. आणि गावातली सर्वांत वेगवान मुलगी नेमकी आत्ताच रडतखडत पळत होती!

बूट काढून ती धावली, तेव्हा जेवॉन आणि त्याची बहीण पेट्रिना बघतच राहिली.

"ही तर आपली जुनीच कदीशा! मग अनवाणीच पळ ना!"

"निवडीला अनवाणी चालत नाही, शहाण्या," पेट्रिना म्हणाली आणि वाकून बघू लागली. कदीशाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. डावा पाय मात्र ठणठणीत!

"अगं, बोलली का नाहीस?"

"बूट आईनं पाठवलेत."

कदीशा बालवाडीत असतानाच तिची आई म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला इंग्लंडला गेली, ती अजून परतली नव्हती. दर नाताळला तिनं पाठवलेलं पिंप बोटीनं यायचं. तांदूळ, साबण, कपडे, सगळं ठासून भरलेलं. यंदा तळाशी हे लाल, तळव्याला खिळे असलेले पळायचे बूट निघाले, तेव्हा सगळी आळी बघायला जमली होती.

"आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, घालून घालून सैल होतील, आई तिकडे राबते आणि तू नाकं मुरडतेस. आणि आईला सांगू तरी कसं? तिला वाटेल, आपल्याला लेकीचा पायसुद्धा माहीत नाही." एवढं बोलून कदीशा रडू लागली.

"रडून बूट सैल होत नाहीत," पेट्रिना हळूच म्हणाली. "एकच बूट का चावतो, ते शोधू."

दोन्ही बुटांचा नंबर एकच होता. मग तिघं आजीच्या ओसरीवर गेली. पेट्रिनानं कदीशाचे पाय भिजवले आणि तिला सिमेंटवर उभं केलं. ओले ठसे उमटले. उजवा चांगला अर्ध्या पेराएवढा लांब!

"अरे बापरे! आईला मग माप कळवलं कुणी?" पेट्रिना म्हणाली.

झोपाळ्यावर कदीशाचा लिनवल मामा पहुडला होता. आईशी फोनवर नेहमी बोलायचा तो हाच. जेवॉननं पेट्रिनाला डोळा मारला.

"मामा, काय अचूक माप आहे हो या बुटांचं! एखाद्या कसलेल्या कारागिरानंच घेतलं असणार!"

"कारागीर कसला? मी घेतलं, मी!" मामा ताडकन उठून बसला. "ही दुपारी झोपली होती. गंमत कळू द्यायची नव्हती ना! एक पाय चादरीबाहेर होता, त्याला दोरी लावली!"

"एकच पाय? कोणता?" जेवॉननं विचारलं.

मामानं ओले ठसे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "डावा," तो पुटपुटला.

"आणि झोपलेल्या पायावर भार नसतो, मामा! उभं राहिलं की तो पसरतो!" पेट्रिना म्हणाली.

आजी दारातच उभी होती. तिनं कदीशाला जवळ बसवून तिचा पाय मांडीवर घेतला. ते नख पाहून तिचे डोळे भरून आले. "न बघताच तुला बोलले गं मी. बाजारात बदलून आणू दुसरे."

"आईला विचारल्याशिवाय नाही!"

मामानं फोन लावला. कदीशानं अडखळत सगळं सांगितलं.

"कोणता पाय मोठा आहे गं?" पलीकडून आईनं विचारलं.

"उजवा."

"माझाही उजवाच. आजीला विचार. माझीच लेक आहेस बाई तू!" आई हसत होती की रडत होती, कळेना. "बदलून आण ते, बाळा. आणि मोठ्या पायाचं माप धर. उभी राहून, चालून बघ."

शनिवारी मामा स्वतः तिला मँडेव्हिल शहराच्या बाजारात घेऊन गेला. किती दुकानं झाली! काही बूट टाचेत सुटत, काही बोटांना आवळत. शेवटी लाल बुटांच्या बदल्यात एक वापरलेली निळी जोडी मिळाली. उजवा पाय मोकळा बसला, डाव्यात जाड मोजा घातला. दुकानासमोरच कदीशानं पळून पाहिलं आणि मामाला मिठी मारली.

निवडीच्या दिवशी ती पहिली आली. गावातल्या शाळेच्या प्रशिक्षक बार्कलेबाईंनी जेवॉन आणि पेट्रिनाच्या पाठीवर थाप मारली. "मी तिला आळशी समजत होते. तुम्ही तिचे पाय बघितलेत. शाब्बास, पोरांनो!"

मामानं तिथूनच फोन लावून कदीशाच्या हातात दिला. निवडीची बातमी सांगायला तिनं तोंड उघडलं, तोच आईनं विचारलं, "चावले का गं?"

"नाही आई," कदीशा म्हणाली. "अजिबात नाही."