बटणचं वजन

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी जो माणूस बसला होता, त्याच्याकडे प्राणीच नव्हता. मांडीवर एक कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारं प्लास्टिकचं चाक, आणि नजर समोरच्या भिंतीवर. बाकी सगळ्यांच्या हातात काही ना काही वळवळत होतं, गुरगुरत होतं. माझ्या मांडीवर बुटांचं खोकं होतं आणि खोक्यात बटण.

"हॅमस्टर का?" त्यानं विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"कुरतडल्याचा आवाज येतोय. अजून थोडा वेळ बसलात तर तो आपणहून बाहेर येईल."

मी हसले... आणि माझं मलाच नवल वाटलं. कोणाच्या बोलण्यावर हसून खूप दिवस झाले होते.

बटण माझ्या भाचीचा. भावजींची बदली परदेशी झाली, तेव्हा "मावशी, तू एकटीच असतेस ना, मग याला तूच सांभाळ," असं म्हणून तिनं पिंजरा माझ्या हाती दिला. मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. दिवसभर एका बंद खोलीत मोठमोठ्यानं बोलायचं, राजांचं, खुन्यांचं, प्रेमात पडलेल्यांचं. घरी आलं की बोलायला कोणी नाही. मग मी बटणशी बोलायचे. त्याला सूर्यफुलाच्या बिया फार आवडायच्या, म्हणून त्याच द्यायचे. तो गाल फुगवून त्या भरायचा आणि मला उगाचच बरं वाटायचं. पण हळूहळू त्याच्या पाठीवरचे केस विरळ झाले. चाकावर पळणंही थांबलं.

डॉक्टरबाईंनी त्याला उलटापालटा करून पाहिलं. "किडे नाहीत, दात ठीक आहेत. खायला काय देता?"

मी सांगितलं. सोबत नेलेली जीवनसत्त्वांची बाटलीही दाखवली. "दुकानात म्हणाले, पाण्यात चार थेंब टाका."

"थेंबांनी पाण्याची चव बिघडते, मग हे पाणीच पीत नाहीत. आणि उजेडात तासाभरात त्या औषधाचा जोरही कमी होतो. याला बाटली नकोय, जेवण हवंय. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया म्हणजे तिन्ही त्रिकाळ तळलेलं खाण्यासारखं." मग त्या समजावत गेल्या. मुख्य खाणं हॅमस्टरसाठी बनवलेल्या पेलेटचं, म्हणजे सगळं दळून दाबलेल्या गोळ्यांचं, कारण मिसळलेले दाणे दिले तर हा आवडीचे तेवढे निवडून खाणार. नखाएवढं गाजर, काकडी, कधी उकडलेल्या अंड्याचं पांढरं. संत्रं, लिंबू नाही. नवीन खाणं हळूहळू सुरू करायचं, आणि उरलेली भाजी काढून टाकायची, नाहीतर हा ती बिछान्यात लपवतो आणि सडवतो.

"याला जोडीदार आणू का?" मी विचारलं. "एकटा कंटाळत असेल."

"अजिबात नको. ही जात एकटीच राहते. दुसरा आणलात तर एकमेकांना फाडतील. यांना एकटेपण मानवतं."

मला मानवतं का, हे त्यांनी विचारलं नाही. बरंच झालं.

बाहेर आले तर तो माणूस अजून तिथेच. पिशवी माझ्यापुढे धरून म्हणाला, "हे दवाखान्यात ठेवायला आणलं होतं. पण तुम्हीच न्या. पेलेटचं पाकीट आहे, परवाच फोडलेलं. आमचा... गेला."

"म्हातारा होता?"

"दोन-अडीच वर्षं म्हणजे यांच्यात म्हातारपणच."

मी पिशवी घेतली. जाता जाता तो थांबला. "खाणं बदलाल तेव्हा वजनावर लक्ष ठेवा. घरातल्या काट्यावर कळायचं नाही. मी वजनकाटे दुरुस्त करतो, माझ्याकडे सोनाराचा काटा आहे. हवा तर घेऊन येईन. लोक मला काटेवालाच म्हणतात."

"टोचता का?"

"आजवर तक्रार आलेली नाही."

मी त्याला पत्ता दिला, आणि शनिवारी संध्याकाळी तो आला. बटण तेव्हाच जागा व्हायचा. काट्यावर वाटी, वाटीत बटण, आणि आम्ही दोघं श्वास रोखून आकडा स्थिर व्हायची वाट बघत. बटण वाटीच्या काठावर पंजे टेकून आमच्याकडे असा बघायचा, जणू आमचंच वजन चाललंय. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. मग येतच राहिला.

पहिल्यांदा बटणनं पेलेटकडे ढुंकून पाहिलं नाही. मी पाघळले, बियांच्या डब्याकडे हात गेला. काटेवाल्यानं डबा सावकाश माझ्या हातातून काढून घेतला. बोटं बोटांना लागली... क्षणभरच. "बी द्यायची ती एकच, आणि हातातून," तो म्हणाला. "मग ती खाऊ होते. आणि तो तुमच्याकडे येतो."

मी तळहात पिंजऱ्यात ठेवला. बराच वेळ काहीच नाही. मग चार गार, इवले पाय माझ्या बोटांवर चढले. मी मान वर केली. काटेवाला बटणकडे बघत नव्हता.

"याला अंडं, गाजर, काकडी," एकदा तो माझ्या ओट्याकडे बघत म्हणाला. "आणि तुम्ही काय जेवता?"

"चहा. बिस्किटं."

"म्हणजे सूर्यफुलाच्या बियाच."

त्या दिवसापासून बटणचं नखाएवढं काढून उरलेलं गाजर मी खाऊ लागले. तोही कधी अंडी आणायचा, कधी पालेभाजी. भाजी निवडता निवडता सांगायचा, आई गेल्यापासून घरात ताट एकच निघतं. मी ऐकायचे. शनिवार सरला की पुढचे दिवस मात्र पूर्वीपेक्षा लांब वाटायचे. आधी रिकामं घर नुसतं रिकामं होतं. आता त्यात कोणीतरी नसायचं.

बटणच्या पाठीवर मऊ, सोनेरी लव आली. तो पुन्हा पळू लागला. आणि मग, सगळं नीट चाललेलं असताना, तो मंदावला. काटेवाला आता काटा स्वतःकडे वळवून आकडा वाचायचा आणि म्हणायचा, "ठीक आहे. तेवढंच आहे."

एका मंगळवारी कामावरून आले, तर बटण कोपऱ्यात निपचित होता. त्याला तळहातावर घेतलं. तो अगदी हलका झाला होता. अंधार पडेपर्यंत मी तशीच बसून राहिले, आणि कधीतरी कळलं की त्याचा श्वास थांबलाय. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत त्याला पुरलं. भाचीला सांगवलं नाही. काटेवाल्यालाही फोन केला नाही.

शनिवारी तो आला तेव्हा पिंजऱ्यावर मी चादर टाकून ठेवली होती.

"झोपलाय," मी म्हटलं.

त्यानं काटा टेबलावर ठेवला. उघडला नाही. चादरीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. "आज गाजर चिरलेलं नाही तुम्ही."

मी चादरीचं टोक सारखं केलं.

"कधी?" त्यानं हळूच विचारलं.

"मंगळवारी."

"मला कळवलं का नाही?"

"कळवलं असतं, तर आज तुम्ही आला नसतात."

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याची बोटं काट्याच्या झाकणावरून फिरत होती. "वजन केव्हापासूनच उतरत होतं," तो शेवटी म्हणाला. "मी तुम्हाला वाढवून सांगायचो."

"तुम्ही? खोटं वजन?"

"आयुष्यात पहिल्यांदा. खाण्यात तुमचं काही चुकत नव्हतं, त्याचं वयच झालं होतं. खरा आकडा सांगून तुमचा चेहरा उतरवायचा, ते जमेना. आणि..." तो थांबला. "बटण गेला की इथे यायला काय निमित्त सांगायचं, तेही सुचत नव्हतं. आज दारात उभा राहून तेच शोधत होतो."

"सापडलं?"

"नाही. तुम्ही दार उघडलंत."

मी रडत होते की हसत होते, कोण जाणे. त्यानं हात पुढे केला, तळवा वर करून, आणि तसाच टेबलावर ठेवला. मी त्यावर माझा ठेवला.

मग मीच म्हटलं, "भाचीला सांगायचंय. एकटीनं जमत नाहीये."

"मी बसतो शेजारी."

भाची फोनच्या पडद्यावर आली. मी सांगितलं, जसं झालं तसं. ती खूप रडली. "तो एकटाच होता का ग?"

"नाही. माझ्या हातावर होता."

तिनं नाक पुसलं. डोळे बारीक केले. "मावशी, तुझ्या हातात कोणाचा हात आहे?"

तो हात काढून घेऊ लागला. मी घट्ट धरला.

"यांचा. हे दर शनिवारी येतात."

"बटणला बघायला यायचे?"

"आधी बटणलाच," मी म्हटलं. "आता मला बघायला येतात."