चाक तिरकं, हॅण्डल सरळ

हे खरं आहे की खोटं, यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही. माझा भाऊ गेलाय. गेलेल्या भावाच्या नावावर गोष्टी रचायला मी वेडी नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. शुक्रवार, दुपारचे सव्वातीन. वसई पूर्वेला, सातिवलीत.

माझं नाव हेमाली. प्रणव माझा धाकटा भाऊ, वय सत्तावीस. सातिवलीतल्या एका कारखान्यात फिटर होता. गेल्या ऑगस्टमध्ये त्याच्या बाइकच्या पुढच्या फोर्कमधून तेल गळायला लागलं, म्हणून त्याने ती कृष्णाच्या गॅरेजला दिली. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारे ते दोन दांडे. दुरुस्तीला ते काढावे लागतात. परत बसवल्यावर वरचे आणि खालचे बोल्ट नीट आवळावे लागतात.

कृष्णाने ते आवळले नाहीत.

गाडी घेऊन निघाल्यापासून दहाव्या मिनिटाला प्रणव गेला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने मला स्वतः सांगितलं, "ताई, हॅण्डल सरळ होतं आणि चाक तिरकं. असं मी कधी बघितलं नाही."

आणि कृष्णा काय सांगत फिरत होता? पोरगा भरधाव होता म्हणे!

प्रणव? गाडी स्टँडवरून काढायच्या आधी प्रत्येक वेळी तपासणारा माणूस तो. समोर उभा राहून चाक दोन गुडघ्यांत दाबायचा, हॅण्डल पिळून बघायचा. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवायचा. काही सैल असेल तर 'टक' आवाज येतो, असं त्यानेच मला शिकवलं होतं.

मी त्या गॅरेजवर तीनदा भांडून आले होते. तिन्ही वेळा कृष्णाने हात जोडले आणि तेच सांगितलं.

नोव्हेंबरात मी चौथ्यांदा गेले.

शुक्रवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे आजूबाजूचे गाळे बंद होते. एकही मशीन चालू नव्हतं. एवढी शांतता सातिवलीत मी कधी ऐकली नव्हती.

गॅरेजमध्ये कृष्णा एकटाच होता. चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले. मला बघून तो दचकला नाही. उलट दमल्यासारखा म्हणाला, "आलात?"

मी सुरू झाले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"ताई, गिऱ्हाईक उभं आहे," तो हळूच म्हणाला.

राजोडीचे ॲन्सेल्म अंकल होते, साठीचे. फोर्कचंच काम झालं होतं, गाडी न्यायला आले होते. बाजूला त्यांची बायको, शर्ली आंटी, भाजीची पिशवी घेऊन उभी होती.

"तुमचं चालू दे बाय," अंकल मला म्हणाले. "आमी निघतो."

ते गाडीवर बसले. आंटी मागे बसली. इंजिन सुरू झालं. अंकलनी क्लच सोडला…

गाडी हलली नाही.

पुढची बाजू खाली दबली. कुणीतरी पुढचा ब्रेक घट्ट दाबावा तशी.

इंजिन बंद पडलं. आणि त्या शांततेत…

टक.

"अंकल, ब्रेक सोडा," कृष्णा म्हणाला. पण तो गाडीकडे बघत नव्हता. जमिनीकडे बघत होता.

"अरे मी हात पन लावला नाय!" अंकलनी दोन्ही हात वर केले.

गाडी मागे गेली. पुढे आली.

टक… टक…

शर्ली आंटी खाली उतरली आणि तिने कपाळावर, छातीवर क्रूसाची खूण केली. अंकलनी हॅण्डल घट्ट धरलं. हॅण्डल सरळ होतं. आणि पुढचं चाक…

हळूहळू डावीकडे वळलं.

हॅण्डल जागच्या जागी. चाक तिरकं.

मी टायरकडे बघत होते. टायरवर लाल धूळ होती. तिच्यावर दोन्ही बाजूंनी, समोरासमोर, तळहाताएवढी जागा पुसली गेली होती.

गुडघे टेकतात तिथे.

समोरच्या जमिनीवर पावलं नव्हती. सावली नव्हती. काहीच नव्हतं.

अंकल कसेबसे खाली उतरले. कृष्णा भिंतीला टेकून मटकन बसला.

"बस कर रे," तो म्हणाला. आमच्यापैकी कुणाला नाही. त्या रिकाम्या जागेला. "बस कर आता."

"कधीपासून?" मी विचारलं.

"ऑगस्टपासून. गणपतीच्या आधीपासून. ज्या गाडीचे बोल्ट नीट असतात, ती सोडतो. ज्या गाडीचे राहिलेले असतात…"

"किती गाड्या अशा अडवल्या?"

त्याने तळहात पॅण्टला पुसले.

"किती?"

"ही तिसरी."

तिसरी!

भीती माझ्या डोक्यातून पार निघून गेली. माझा भाऊ मेला. तो मेल्यावरही हा कृष्णा सुधारला नाही. मेलेल्या माणसाला इथे उभं राहून दर गाडी तपासावी लागतेय आणि याचे बोल्ट अजून सैलच!

मी फळीवरचा पाना उचलला. खरं सांगते, त्याच्या डोक्यात घालायचं मनात आलं होतं. हात वर गेलाही होता.

"नको गो बाय," शर्ली आंटी मागून म्हणाली.

मी पाना त्याच्या पायाशी आपटला. "ऊठ. माझ्यासमोर कस."

तो उठला. त्याने चाक सरळ करून घेतलं आणि बोल्ट कसायला घेतले. आधी खालचे, मग वरचे. पाना दोनदा निसटला. मी प्रत्येक बोल्ट मोजला.

मग मी चाकासमोर उभी राहिले. प्रणवसारखं चाक गुडघ्यांत दाबलं. माझे गुडघे त्या पुसलेल्या जागांवरच टेकले. टायरचा तेवढाच भाग…

गरम होता.

मी ओठ घट्ट मिटले आणि जोर लावून हॅण्डल पिळलं. चाक तसूभर हललं नाही. ब्रेक दाबून गाडी हलवली. आवाज नाही.

"जा अंकल," मी म्हटलं.

गाडी निघाली. या वेळी कुणी अडवली नाही. आंटी वळणापर्यंत मागे वळून बघत होती.

गॅरेजमध्ये आम्ही दोघंच उरलो.

"एक सांग," मी म्हटलं. त्याला अहोजाहो करायची माझी इच्छा संपली होती. "प्रणव तपासल्याशिवाय गाडी हलवत नव्हता. मग त्या दिवशी का नाही तपासली?"

कृष्णाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तपासत होता ना, ताई. उभा राहिला होता. गुडघे लावले होते. तेवढ्यात फोन वाजला. हेमालीताई चिडलीय म्हणाला. हसला. आणि निघाला."

त्या दिवशी मला विरारला मैत्रिणीच्या मेंदीला जायचं होतं. तो सोडणार होता. मी फोनवर ओरडले होते. दहा वाजून बावन्न मिनिटांनी, एकोणीस सेकंदांचा फोन. तो अजून माझ्या कॉलच्या यादीत आहे. मी काय बोलले तेही आठवतं… "आत्ताच्या आत्ता नीघ, नाहीतर येऊच नको."

मी त्या रिकाम्या जागेकडे वळून ओरडले, "मग याच्यावर कसला राग काढतोस? मला सांग ना! माझ्यासमोर ये!"

आवाज नाही. वारा नाही.

भिंतीलगत सात गाड्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांची हॅण्डलं लॉक. सगळी एकाच बाजूला वळलेली, भिंतीकडे.

मी बघत असताना…

सातही पुढची चाकं माझ्याकडे वळली.

हॅण्डलं भिंतीकडेच. चाकं माझ्याकडे.

मी बाहेर कशी आले, रिक्षा कशी मिळाली, आठवत नाही.

कृष्णाने दुसऱ्या दिवशी पोलिसांत जाऊन बोल्ट राहिल्याचं लिहून दिलं. आता केस चालू आहे. गॅरेज बंद झालं. तिथे काचेच्या खिडक्या बनवणारा आलाय. त्याला काही त्रास नाही, मी चौकशी केली.

मला कृष्णाचा राग येतो. माझा येतो. आणि खरं सांगू? प्रणवचाही येतो. "थांब, दोन मिनिटं तपासतोय," एवढं म्हणता आलं नसतं का तुला? एरवी मला उलट बोलायला तर कधी घाबरला नाहीस.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. फक्त फोनचं सोडून.

आईने दिव्यात वात घातली. मग म्हणाली, "रागात होता का गं तो?"

"हो."

"कुणावर?"

"कृष्णावर," मी म्हटलं.

"मग आता शांत झाला असेल."

मी मान हलवली. आईने दिवा लावला. मी अजूनपर्यंत तिच्या डोळ्यांत बघून बोलू शकलेले नाही.